रामजी सुभेदार : एका सैनिक घराण्याची ओळ



धम्मदीक्षा घेतली की घरातला देव्हारा निघतो. खंडोबा, मरीआई, म्हसोबा जातात आणि त्या जागी तथागतांची व बाबासाहेबांची प्रतिमा येते. बावीस प्रतिज्ञांप्रमाणे श्राद्धपक्ष आणि पिंडदानही बंद होते. इथवर सारे ठीक असते. पण पितृपक्ष आला की घरातल्या म्हाताऱ्या आईच्या मनात एक प्रश्न घोळू लागतो. श्राद्ध घालायचे नाही, तर मग आपल्या वाडवडिलांचे काय? त्यांना विसरून जायचे काय?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. श्राद्ध सोडा, असे सांगणाऱ्या धम्माने पूर्वजांना विसरा, असे कोठेही सांगितलेले नाही. सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला उपदेश करताना भगवंतांनी मुलाची आईबापांविषयीची कर्तव्ये सांगितली. त्यांत त्यांचे पोषण करणे आणि त्यांची कामे पुढे चालविणे ही कर्तव्ये आहेत, तशीच कुळाची परंपरा टिकविणे आणि वारशाला पात्र होणे हीही आहेत. आता वारशाला पात्र व्हायचे तर वारसा काय आहे, हे आधी ठाऊक असले पाहिजे. कावळ्याला घास ठेवून ते कळत नाही. त्यासाठी शोध घ्यावा लागतो.

माढा तालुक्यातील टेंभुर्णी हे पुणे-सोलापूर रस्त्यावरचे गाव. येथून जवळच उजनीला भीमा नदीवर मोठे धरण आहे. ही नदी टेंभुर्णीच्या शिवाराकडे येण्याआधी पुणे जिल्ह्यातील कोरेगावावरून येते. त्या कोरेगावी १ जानेवारी १८१८ रोजी पेशव्यांच्या फौजेशी लढाई झाली आणि तेथे उभारलेल्या विजयस्तंभावर पडलेल्या शिपायांची नावे कोरली गेली. त्यांतील बावीस नावांच्या शेवटी 'नाक' आहे. 'नाक' हा आपल्या जुन्या माणसांच्या नावापुढचा प्रत्यय. ज्यांची नावे गावच्या दप्तरात हलक्या कामांपुरतीच लिहिली जात, त्यांची नावे येथे दगडावर आली. भीमेकाठच्या ज्या कुटुंबांत आजोबा-पणजोबा पलटणीत होते अशी नुसती आठवण शिल्लक आहे, त्यांना आपली ओळ शोधताना एक घराणे वाटाड्यासारखे उपयोगी पडते. ते घराणे आहे सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचे. रामजींना आपण बाबासाहेबांचे वडील म्हणून ओळखतो. पण ते स्वतः कोण होते आणि त्यांनी वारशाचे काय केले, हे आपण फारसे विचारीत नाही.

मालोजींपासून

हे घराणे मूळचे कोकणातले. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे त्यांचे गाव आणि सकपाळ हे आडनाव. रामजींचे वडील मालोजी हे लष्करात शिपाई झाले आणि हवालदाराच्या हुद्द्यावरून निवृत्त झाले. गावात राहिले असते तर महारकीच्या कामात त्यांचा जन्म गेला असता. वेसकरपणा करावा, सरकारी टपाल पोचवावे, मेलेली जनावरे ओढावीत आणि त्याच्या बदल्यात दारोदार बलुते मागावे, हेच तेव्हाच्या माणसाचे विधिलिखित मानले जाई. मालोजी पलटणीत गेले आणि घराच्या वाटेला पहिले वळण मिळाले.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे मान्य केली पाहिजे. ती फौज परक्यांची होती. तिने हा देश जिंकून दिला तो परक्यांना. आपल्या पूर्वजांनी ज्या हाताखाली बंदूक धरली, तो हात काही आपल्या मुक्तीसाठी पुढे आला नव्हता. तेव्हा सैनिक पूर्वजाचा अभिमान धरताना त्याने कोणासाठी गोळ्या झेलल्या, याचे स्तोत्र गाण्याची गरज नाही. त्या नोकरीतून त्याने आपल्या लेकरांसाठी काय आणले, ते पाहावे. सकपाळांच्या घरी आली ती अक्षरओळख.

छावणीतली शाळा

त्या काळी लष्करात देशी शिपाई आणि त्यांची मुले यांना शिकविण्याची सोय होती. मुलींनाही तीत जागा होती. गावातल्या शाळेच्या ओट्याजवळ ज्यांना उभे राहू देत नसत, ती पोरे छावणीत पाटी घेऊन बसू लागली. रामजी लष्करात भरती झाले आणि या सोयीचा त्यांनी पुरेपूर लाभ घेतला. पुण्यास लष्कराची शिक्षक तयार करणारी शाळा होती. तेथे त्यांनी शिक्षण पुरे केले आणि पुढे सुमारे चौदा वर्षे ते लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. चढत चढत ते सुभेदार झाले. म्हणजे सुभेदार ही पदवी अंगावर मिरविणारा हा माणूस खरा तर मास्तर होता. त्यांच्या कमरेच्या तलवारीपेक्षा हातातल्या खडूने अधिक काम केले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

त्यांचे लग्न झाले ते ठाणे जिल्ह्यातील मुरबाडकरांच्या भीमाबाईंशी. हे माहेरही लष्करी होते. भीमाबाईंचे वडील सुभेदार-मेजर होते आणि त्यांचे चुलतेही त्याच हुद्द्याचे होते. दोन्हीकडून शिपाईगिरीची ओळ आली आणि या जोडप्याच्या ठायी मिळाली. त्यांना चौदा अपत्ये झाली, पण बहुतेक लहानपणीच गेली. जी वाढली त्यांत बळीराम, आनंदराव व भीमराव हे मुलगे आणि मंजुळा व तुळसा या मुली होत्या. चौदावे अपत्य भीमराव. त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतातील महू येथील लष्करी छावणीत झाला.

रामजी कबीरपंथी होते. मांस आणि मद्य त्यांना वर्ज्य होते. पहाटे उठून भजन, संध्याकाळी मुलांना बसवून दोहे आणि अभंग, असा घरचा नेम होता. कबीराने जातीचा गर्व नाकारला, म्हणून त्या पंथाकडे अस्पृश्य कुटुंबे ओढली जात. पुढे जो मुलगा बुद्धाकडे गेला, त्याच्या कानांवर समतेचा पहिला शब्द या घरी पडला होता.

ओळ तुटते

भीमराव दोन-एक वर्षांचे झाले आणि रामजी निवृत्त झाले. याच सुमारास सरकारने एक निर्णय घेतला. १८५७ च्या बंडानंतर इंग्रज सेनाधिकाऱ्यांच्या डोक्यात लढवय्या जातींचे खूळ शिरले होते. काही जाती जन्मतः शूर आणि काही नव्हेत, असा तो सिद्धांत. चातुर्वर्ण्याचा जणू इंग्रजी अवतारच. १८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद करण्यात आली. ज्यांचे आजे कोरेगावी पडले, ज्यांचे बाप हवालदार-सुभेदार झाले, त्यांच्या तरण्या मुलांना भरतीच्या दारावरून परत पाठविण्यात येऊ लागले.

याचा अर्थ नीट समजून घ्या. एका फर्मानाने हजारो घरांतली ओळ तुटली. पगार गेला, निवृत्तिवेतनाची आशा गेली आणि लष्करातली शाळाही गेली. ज्यांच्या घरी दोन पिढ्या अक्षर होते, त्यांच्या तिसऱ्या पिढीवर पुन्हा गावकीची लाकडे फोडण्याची पाळी आली.

या अन्यायाविरुद्ध महार अंमलदारांनी एक अर्ज तयार केला. या कामी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे साहाय्य मिळाले. हे आपल्याला कसे कळते, ती हकीगत मोठी बोलकी आहे. १९४३ साली पुण्यास रानड्यांच्या जयंतीनिमित्त व्याख्यान देण्याचे बाबासाहेबांनी स्वीकारले होते. रानडे वारले तेव्हा ते अवघे नऊ वर्षांचे होते, प्रत्यक्ष ओळख असण्याचा प्रश्नच नव्हता. पण वडिलांचे जुने कागद चाळताना त्यांना तो अर्ज सापडला होता. लष्करभरतीच्या बंदीविरुद्ध महार अंमलदारांनी हिंदुस्थान सरकारकडे केलेला तो अर्ज होता. चौकशी केल्यावर कळले की, त्याचा मसुदा रानड्यांनी तयार करून दिला होता.

वडील जाऊन तीस वर्षे झाली होती. मुलगा देशातला मोठा कायदेपंडित झाला होता. पण बापाने कागद जपून ठेवले आणि मुलाने ते टाकून दिले नाहीत, म्हणून हा इतिहास आपल्या हाती आला.

अर्जाने बंदी उठली नाही. पुढे पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी हाच प्रश्न हाती घेतला आणि १९१० साली विलायतेतील भारतमंत्र्यांपर्यंत निवेदन नेले. पहिल्या महायुद्धात शिपाई कमी पडू लागले, तेव्हा सरकारला महारांची आठवण झाली. १९१७ साली महारांची पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर १९२१ साली ती मोडण्यातही आली. कायमचे दार उघडले ते १९४१ साली, बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा. त्यामागे बाबासाहेबांचे प्रयत्न होते. बापाच्या अर्जाचे उत्तर मुलाने असे मिळविले.

सुभेदाराच्या घरी न्हावी येत नाही

निवृत्तीनंतर रामजी काही काळ दापोलीस राहिले आणि मग साताऱ्यास आले. तेथे १८९६ च्या सुमारास भीमाबाईंचे निधन झाले. भीमराव तेव्हा पाच-सहा वर्षांचे होते. रामजींची बहीण मीराबाई पाठीने वाकलेली होती, पण या पोरक्या मुलांना तिनेच मायेने सांभाळले. पुढे रामजींनी दुसरा विवाह केला. तो धाकट्याला आवडला नाही. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून भीमरावांचे मन दुखावले आणि ते बापावर रुसले. थोर माणसांच्या घरीही असे प्रसंग असतात. ते लपवून आपण कोणाला मोठे करीत नाही.

सुभेदाराच्या घराला लष्करात मान होता. गावात मात्र तो मान टिकत नसे. साताऱ्याला मुलांचे केस कापायला न्हावी येत नसे. थोरली बहीण ओट्यावर बसून भावांचे केस कापी. शाळेत बसायला घरून गोणपाट न्यावे लागे आणि शिपायाने वरून पाणी ओतले तरच तहान भागे. १९०१ साली रामजी खटाव तालुक्यातील गोरेगावास दुष्काळी कामावर खजिनदार होते. तेथे तलाव खोदण्याचे काम चालले होते. त्यांनी मुलांना सुटीत बोलावून घेतले. नवे कपडे घालून पोरे आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. येण्याचे पत्र वेळेवर वडिलांच्या हाती न पडल्याने घ्यायला कोणी आले नव्हते. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला आणि गाडीवान तयार होईनात. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण कबूल झाला, तोही या अटीवर की गाडी पोरांनी हाकावी आणि त्याने बाजूने चालावे. त्या रात्री पोरांजवळ शिधा होता, पण प्यायला पाणी मिळाले नाही आणि ती उपाशीच झोपली. सुभेदाराच्या मुलांना त्या दिवशी कळले की, बापाच्या खांद्यावरच्या फिती छावणीच्या फाटकापर्यंतच चालतात.

बंदुकीऐवजी पुस्तक

येथून पुढचे रामजी पाहा. लष्कराचे दार बंद झाले होते. हा मनुष्य कपाळाला हात लावून बसला असता तर त्याला कोण दोष देणार होते? पण रामजींनी ओळ तुटू दिली नाही. तिची दिशा त्यांनी बदलली. बंदुकीचा वारसा देता येत नव्हता, म्हणून त्यांनी पुस्तकाचा दिला.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमरावांचे नाव घातले गेले. दप्तरात नोंद झाली ती भिवा रामजी आंबेडकर अशी. पुढे सारे कुटुंब मुंबईस आले. गिरणगावात, परळच्या डबक चाळीतली एकच खोली त्यांना मिळाली. त्याच खोलीत चूल, त्यातच जाते आणि त्यातच सर्वांचे झोपणे. सुभेदार स्वतः जागत आणि मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास मुलाला अभ्यासाला उठवीत. दिव्याच्या उजेडात पोरगा वाचू लागला की मगच म्हातारा पाठ टेकी. इंग्रजी आणि भाषांतर ते स्वतः पक्के करून घेत. मास्तरकी अंगात मुरलेली होती.

निवृत्तिवेतन थोडे आणि खाणारी तोंडे अधिक. भीमरावांना पुस्तकांचा नाद लागला होता आणि पुस्तक मागितले की बापाला नाही म्हणवत नसे. घरात पैसा नसला की रामजी मुंबईतच दिलेल्या मुलीकडे जात. तिच्याजवळ काही नसले तर दुसरीकडे जात. तिचा एखादा दागिना घेऊन मारवाड्याकडे गहाण ठेवीत, पुस्तक आणीत आणि वेतनाचे पैसे आले की दागिना सोडवून परत देत. थोरल्या आनंदरावांनी शिक्षण सोडून नोकरी धरली, ती धाकट्याचे शिक्षण चालू राहावे म्हणून. आपण बाबासाहेबांच्या विद्वत्तेचा गौरव करतो, तेव्हा त्यात एका म्हाताऱ्याची जागरणे, दोन बहिणींचे दागिने आणि एका भावाचा त्याग आहे, हे विसरू नये.

रामजी मुलांना रामायण-महाभारत वाचायला लावीत. भीमरावांना ते रुचत नसे. ज्या ग्रंथांत शूद्रांना हीन लेखले आहे ते आपण का वाचावेत, असे ते बापाला विचारीत. रामजींचे म्हणणे असे की, आपण अस्पृश्य असल्याने मनात न्यूनगंड बसतो. कर्ण आणि द्रोण लहान स्थितीतून केवढे मोठे झाले, ते वाचले म्हणजे तो निघून जातो. मुलाचे समाधान झाले नाही. पण लक्षात घ्या, या बापाने प्रश्न विचारणाऱ्या मुलाला गप्प बसविले नाही. पुढे रामजींचे स्नेही कृष्णराव अर्जुन केळूसकर यांनी या विद्यार्थ्याच्या यशाबद्दल सभा भरवायचे ठरविले. अशा कौतुकाने पोरगा बिघडेल म्हणून रामजींनी हरकत घेतली होती. केळूसकरांनी ऐकले नाही. त्या सभेत त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले. नागपूरच्या १४ ऑक्टोबर १९५६ च्या सोहळ्याची एक वाट त्या भेटीपासून सुरू होते.

शेवटची भेट

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळून ते बी. ए. पर्यंत पोचले. रमाईंशी त्यांचे लग्न रामजींच्या हयातीतच झाले होते आणि डिसेंबर १९१२ मध्ये नातू यशवंतही जन्मला. जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोद्यास नोकरीवर गेले. संस्थानच्या सैन्यात लेफ्टनंट म्हणून ते रुजू झाले. मालोजी हवालदार, रामजी सुभेदार आणि भीमराव लेफ्टनंट. सैनिकांची तिसरी पिढी उभी राहिली, पण ती थोड्याच दिवसांपुरती. वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. मुंबईकडे निघालेले भीमराव वाटेत सुरतेला उतरले, वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून. तेवढ्यात गाडी सुटली. दुसऱ्या गाडीने ते पोचले तेव्हा रामजी अखेरच्या घटका मोजीत होते. लाडक्या मुलाला पाहण्यासाठीच जीव अडकला होता. त्यांनी मुलाच्या पाठीवरून हात फिरविला आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी प्राण सोडला.

त्याच वर्षी जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. रामजींनी ते पाहिले नाही. पेरणाऱ्याला पीक पाहायला मिळतेच असे नाही. पुढे त्यांचे नातू यशवंतराव, आपले भय्यासाहेब, भारतीय बौद्ध महासभेचे अध्यक्ष झाले आणि धम्माचे काम त्यांनी गावोगाव नेले.

आपली ओळ शोधा

आता टेंभुर्णीच्या किंवा कोणत्याही गावच्या आपल्या घराकडे वळा. प्रत्येक घरी बाबासाहेब जन्मणार नाहीत. पण प्रत्येक घरी एखादी पत्र्याची पेटी असते. ती उघडा. निवृत्तिवेतनाचे पुस्तक, लष्करातून सुटल्याचा दाखला, एखादे पदक मिळते का पाहा. पहिल्या महायुद्धातील पदकांच्या कडेवर शिपायाचे नाव, क्रमांक आणि पलटण कोरलेली असते. घासून घासून ती अक्षरे घालवू नका. शाळेच्या जनरल रजिस्टरात आज्याचे नाव सापडते. महार वतन १९५८ च्या कायद्याने रद्द झाले, पण त्याची जुनी कागदपत्रे तहसील कचेरीच्या दप्तरात पाहायला मिळू शकतात. माजी सैनिकांसाठी जिल्ह्याला सैनिक कल्याण कार्यालय असते, तेथे विचारा. आणि कागदांच्या आधी म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. वही घ्या आणि नावे लिहून काढा. आजीचे, पणजीचे नाव लिहायला विसरू नका, कारण मीराबाईंसारख्या स्त्रियांची नावे कोणत्याच स्तंभावर नसतात.

शोध घेताना ओळ मध्येच तुटलेली आढळेल. पणजोबा शिपाई होते आणि आजोबा मात्र गावकीत राबले, असे दिसेल. लाजू नका. १८९२ नंतरची ती पोकळी तुमच्या आजोबांच्या नालायकीने पडलेली नाही, ती सरकारी हुकुमाने पडली. आणि कोणी शिपाई सापडलाच नाही, तरी निराश होऊ नका. ज्या आईने मोलमजुरी करून पोराला शाळेत घातले, तीही रामजींच्याच ओळीतली आहे.

श्राद्धाच्या पानावर पूर्वज येत नाहीत. ते वहीच्या पानावर येतात. येत्या पितृपक्षात शेजारी पिंड घालतील, तेव्हा आपण मुलांना भोवती बसवावे, ती वही उघडावी आणि एकेक नाव वाचावे. वारशाला पात्र होण्याची ती सुरुवात ठरेल.

जयभीम.